थोपटीचा निजपट

चित्रांचा पोर्टफोलिओ मेला, तेव्हा त्याच्यासाठी कुणी टिपूससुद्धा गाळलं नाही. मरायलाच टेकला होता बिचारा. यंत्राला नुसतं सांगायचीच खोटी, की ते चाळीस पानांचा देखणा पोर्टफोलिओ करून द्यायचं. आधी समस्या, मग पाहणी, मग कच्ची रेखाटनं, भिंतीवर डकवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या, आणि शेवटच्या पानावर वस्तू हातात धरून हसणारी एक आजीबाई. आजीबाई खोटी, चिठ्ठ्या खोट्या, आणि वस्तू तर कुणी कधी बनवलेलीच नसायची. प्रॉडक्ट डिझाइनच्या नोकरीला अर्ज करणारी झाडून सगळी पोरं एकसारखी हुशार दिसायला लागली, तेव्हा कंपन्यांनी कपाळाला हात लावला. काय बनवलंत ते राहू द्या, कसं सुचलं ते दाखवा, असं त्या म्हणायला लागल्या.

आणि मग निजपट आला.

त्यामागचं शास्त्र तसं जुनंच. उंदीर भुलभुलैयातून धावतो, तेव्हा त्याच्या मेंदूतल्या काही पेशी एका क्रमानं जाग्या होतात. पुढं तो झोपला, की त्याच पेशी त्याच क्रमानं पुन्हा जाग्या होतात, फक्त कितीतरी पट वेगानं. म्हणजे उंदीरमामा झोपेत ती सगळी वाट पुन्हा धावून येतात. माणसाचंही तेच आहे. ज्याच्याशी आपण दिवसभर झगडलो, ज्याची झोपण्याआधी आठवण काढली, त्याची मेंदू झोपेत उजळणी करतो. हा क्रम कपाळावरच्या पट्टीनं टिपता यायला लागला, संथ करता यायला लागला, आणि दुसऱ्यानं तशीच पट्टी बांधून डोळे मिटले की त्याला तो दिसायलाही लागला. दिसायचं, हाताला जाणवायचं. शब्द मात्र येत नसत. बोललेलं मेंदू दुसरीकडं ठेवतो आणि तिथवर पट्टीची पोच नव्हती. पण त्यावाचून कुणाचं अडलं नाही. यंत्राला काही झोप लागत नाही, तेव्हा इथं लबाडीला वावच नाही, असं सगळे छातीठोकपणे सांगत होते.

आता लबाडी करायला यंत्रच लागतं, असं कुणी सांगितलं होतं देव जाणे!

अन्विता देवरेनं आपला पहिला निजपट पाठवला, तो पुण्याच्या 'ओंजळ' या कंपनीला. घरगुती वस्तू बनवणारी ही कंपनी, आणि तिथं काम करायचं हे अन्विताचं कॉलेजपासूनचं वेड. बाकी कुठं अर्ज करायचं तिच्या मनातही येत नसे. निजपटात तिनं तिचं एकुलतं एक खरंखुरं काम दाखवलं होतं. त्या कामाचं नाव 'थोपटी'.

थोपटी ही पेढ्याएवढी वस्तू. ब्लाउजच्या किंवा कुर्त्याच्या पाठीला अडकवायची. तिची जोडीदारीण कुकरच्या दांड्याला. कुकरची शिट्टी झाली, की थोपटी पाठीवर हलकंच थोपटायची. दुसरी झाली की पुन्हा. ज्याला ऐकू येत नाही, त्यालाही मग शिट्ट्या मोजता येतात आणि वरण करपत नाही. बस, एवढंच.

ही वस्तू जिच्यासाठी झाली ती अन्विताची वैजूआत्या. अन्विता मूळची सटाण्याकडची. अकरावीला नाशकात शिकायला आली ती आत्याच्या घरी, आणि तिथलीच होऊन गेली. वैजयंती देवरेनं उभी हयात बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात घालवली होती. तिचा आवाज ऐकून बाकावर आडवे झालेले प्रवासी ताडकन उठून बसत. साठी यायच्या आतच तिचे कान गेले. कानात नवं यंत्र बसवून पाहिलं, तर "डोक्यात कावळ्यांची शाळा भरलीय मेली," म्हणून तिनं ते काढून कपाटात ठेवून दिलं. ओठ वाचायला शिकली. चेहरे तर काय, असे वाचायची, की तिच्यासमोर खोटं बोलायची सोय उरली नाही.

त्या पहिल्या निजपटात जे दिसत होतं ते असं. सकाळचं स्वयंपाकघर. सगळं किंचित पाण्याखाली असल्यासारखं, भांड्यांच्या कडा हलणाऱ्या, ओटा नको इतका लांब. ओट्यावर अन्विताचा पहिला प्रयत्न, शिट्टी झाली की लखलखणारा दिवा. आत्या तो उचलते आणि सरळ कचऱ्याच्या बादलीत टाकते. त्या सकाळी खरोखरच ती कडाडली होती, "घरात काय लग्न आहे रोषणाई करायला? येणाऱ्याजाणाऱ्याला कळायलाच हवं का, इथं एक बहिरी राहते म्हणून?" अन्विताही काही कमी नव्हती, तीही वाट्टेल ते बोलली. मग आत्या एकदम पाठ फिरवून पाटावर बसली आणि रडायला लागली. "कुकरचं जाऊ दे गं खड्ड्यात. तू दारातून आत येतेस, आत्या म्हणून हाक मारतेस, आणि मला पत्ताच नसतो. ते मला खातं."

अन्विता तिच्यामागं गुडघ्यावर बसली. आत्याच्या पाठीवर तिनं तोंड टेकवलं आणि त्या पाठीतच ती बोलली, "तुला नाही ना ऐकू येत? नको येऊ दे. दोघींपुरतं मी ऐकीन." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. रडणाऱ्या माणसाला थोपटावं तसं तिनं आत्याच्या पाठीवर थोपटलं. दुसरी झाली, पुन्हा थोपटलं. तिसऱ्यांदा थोपटल्यावर आत्या नाक पुसत म्हणाली, "तिसरी झाली ना? मग बंद कर की, का करपवतेस आता?" आणि दोघी एकमेकींकडं बघतच राहिल्या.

थोपटी सुचली ती अशी.

'ओंजळ'कडून उत्तर आलं ते थोडक्यात आणि अगदी गोड शब्दांत. काम आवडलं, पण निजपट फार पसरट आहे. त्यात रडारड आहे, कचऱ्याची बादली आहे, आत्याबाई तर पावलोपावली आहेत. अर्जदार मात्र शोधावा लागतो. जागा अजून भरलेली नाही, नीटस करून पुन्हा पाठवा.

अन्वितानं दुसऱ्याच दिवशी क्लास लावला. आपल्याकडं कशाचे क्लास निघत नाहीत! निजपट येऊन वर्ष झालं नव्हतं, तोवर कॉलेज रोडवर तनय कर्णिक सरांचे सुनिद्रा वर्ग जोरात सुरू झाले होते. सर चाळिशीचे, बोलायला गोड, आणि जांभई कधी न देणारे.

"पोर्टफोलिओत घर नको, पद्धत हवी," सर पहिल्याच तासाला म्हणाले. "समस्या, पाहणी, प्रयत्न, उत्तर. अपयशही दाखवा, पण देखणं दाखवा. आणि तुम्ही निजपटाच्या मधोमध दिसा. पाहुणे कडेला."

"पण सर, तसं झालं नव्हतं," अन्विता म्हणाली.

"झालं कसं याला कोण विचारतो? तुम्हाला आठवतं कसं, ते महत्त्वाचं. आठवण ही काही दगडावरची रेघ नाही, अन्विता. आठवण काढली की ती पुन्हा ओली होते, मातीच्या गोळ्यासारखी. सुकेपर्यंत तिला हवा तो आकार देता येतो. हे मी नाही, मेंदूचे शास्त्रज्ञ सांगतात. तुम्ही रोज नीटस क्रमानं आठवा. त्या वेळी या डबीतला वाळ्याचा वास घ्या. तुम्ही गाढ झोपलात की पट्टी तोच वास पुन्हा सोडेल, आणि मेंदू त्याच क्रमाची उजळणी करील."

"आणि जे आठवायचं नाही ते?"

"ते मागं पडतं," सर म्हणाले. "सुटकेस भरताना आपण सगळंच घर घेतो का?"

वर्गात सगळे हसले. अन्विताही हसली. तिला ते पटलं, हे खोटं कशाला सांगा? तिला नोकरी हवी होती, आणि सर सांगत होते ते तर नुसतं आवरासावर करण्यासारखं होतं.

मग रोज संध्याकाळी ती खिडकीशी बसून डोळे मिटायची आणि वाळ्याची डबी नाकाशी धरायची. वैजूआत्या येऊन खांदा हलवायची. "काय गं, बसल्या बसल्या पेंगतेस काय?"

"अभ्यास करतेय."

"झोपेचा अभ्यास! आमच्या वेळी हा विषय असता, तर मी बोर्डात आले असते," आत्या म्हणायची आणि खो खो हसत आत जायची.

सकाळी चहा घेता घेता अन्विता आपला निजपट बघायची. पट्टी बांधायची, डोळे मिटायचे, आणि तिचं स्वयंपाकघर तिच्यासमोर यायचं. ते रोज थोडं थोडं सुंदर होत होतं. लांबलचक ओटा जागच्या जागी आला. भांड्यांच्या कडा हलायच्या थांबल्या. कुठूनसा मऊ निळा उजेड येऊन पडला, तो कुठून येतो ते कळत नसे, पण त्यात सगळं कसं स्वच्छ दिसायचं. कचऱ्याची बादली एके दिवशी नव्हतीच. मग पाट गेला. आत्याचा पदर बराच काळ रेंगाळला, दारामागून वाऱ्यानं हलत राहायचा, आणि अन्विताला झोपेतही वाटायचं की पदर आहे तर बाई असेल. पुढं पदरही राहिला नाही. पाहणीच्या भागात एक वयस्क स्त्री खुर्चीवर शांत बसलेली असायची. तिला चेहरा असा नव्हता, कुणाचाही चालला असता. आणि मधोमध अन्विता, विचार करणारी, रेखाटणारी, बोटांत पेढ्याएवढी वस्तू फिरवणारी. काय सुरेख दिसायचं ते सगळं! बघताना तिला स्वतःचाच अभिमान वाटायचा.

कर्णिक सरांनी तो निजपट सगळ्या वर्गाला दाखवला. "याला म्हणतात मांडणी," ते म्हणाले.

'ओंजळ'नं तिला पुण्याला बोलावलं. मुलाखत घेणाऱ्या पूर्वा मोघे, कंपनीच्या डिझाइन विभागाच्या प्रमुख, केस पांढरे आणि डोळे दमलेले. कपाळावरची पट्टी सोडून त्यांनी बाजूला ठेवली.

"छान. अगदी काचेसारखा निजपट आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "एकच विचारते. दिव्यावरून तुम्ही थेट पाठीवर थोपटण्यावर येता. मधे काहीच नाही. पाठच का? मनगट का नाही?"

अन्वितानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिला मनातल्या मनात तिथं निळा उजेड दिसला. नुसता उजेड. त्यात दुसरं काहीच नव्हतं. पण उत्तर पाठ होतं, ते जिभेवर आपसूक आलं. "पाहणीत असं दिसलं, की वयस्क वापरकर्त्यांना पाठीवरचा स्पर्श जास्त विश्वासाचा वाटतो."

"हं." पूर्वाबाईंनी मान हलवली. "सगळ्यांच्याच निजपटात हल्ली अशी एक गाळलेली जागा असते. नेमकी तिथंच, जिथं काहीतरी सुचलेलं असतं. पहिल्यांदा मला चुकचुकल्यासारखं व्हायचं, आता सवय झाली." मग त्या एकदम हसल्या. "जाऊ दे. अभिनंदन. एक तारखेला या."

नाशिकला परतताना अन्विता बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसली होती. बाहेर डोंगर सावकाश मागं सरत होते आणि तिला आनंदानं गुदगुल्या होत होत्या. आत्याला कसं सांगायचं, काय सांगायचं, याची ती उजळणी करत होती. मधेच तिला आठवलं की आत्या आता एकटी राहणार. ते तिनं शिताफीनं बाजूला सारलं. बाजूला सारायची तिला आता चांगलीच सवय झाली होती.

आत्याला बातमी कळली तेव्हा तिनं इतक्या मोठ्यानं "शाब्बास!" म्हटलं, की खालच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. पुढचे दिवस तिचा हात म्हणून थांबला नाही. मेतकूट झालं, शेंगदाण्याची चटणी झाली, बिब्ब्याच्या फुलांपासून लोकरीच्या टोपीपर्यंत सगळं बॅगेत गेलं. पुण्यात काय दुकानं नाहीत का, असं अन्विता म्हणाली, तर आत्यानं तिकडं बघितलंच नाही. न बघणं हे तिचं हुकमी हत्यार होतं. ओठ दिसले नाहीत की वाद संपला.

निघायच्या दिवशी दुपारी दोघी जेवल्या आणि आत्या पावटे सोलायला बसली. अन्विता समोर बॅगेची चेन लावत होती.

"अनू, एक विचारू? इतकी वर्षं विचारलं नाही," आत्या म्हणाली. तिचा आवाज एरवीपेक्षा खाली होता. "तो दिवा मी टाकून दिला ना, त्या सकाळी. मी रडत बसले होते. तू मागून येऊन माझ्या पाठीवर तोंड ठेवलंस आणि काहीतरी बोललीस."

अन्विताचे हात थांबले.

"मला ऐकू कुठलं येतंय? पण पाठीला कळलं. गरम गरम, आणि आतून हलल्यासारखं. किती वर्षांनी कुणाचं तरी बोलणं माझ्यात शिरलं. मुद्दाम विचारलं नाही तेव्हा. म्हटलं राहू दे, घाई काय आहे? एखाद्या दिवशी निवांत विचारू. कधी फार एकटं वाटलं ना, की मी मनाशी म्हणते, अजून ते विचारायचं राहिलंय बरं का. मग बरं वाटतं." आत्या लाजल्यासारखी हसली. "आता तू चाललीस. आता सांग. काय म्हणाली होतीस?"

अन्विता आठवू लागली. स्वयंपाकघर आलं, निळा उजेड आला, खुर्चीवरची वयस्क स्त्री आली. तिच्यामागं जायला वाटच नव्हती. तिथं पाट नव्हता, पाठ नव्हती. तुम्हाला आठवत असेल ती काय म्हणाली होती ते. तिला आठवत नव्हतं.

"एक मिनिट," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत धावली. जुना, पसरट निजपट होता अजून. तिनं पट्टी बांधली. बादली दिसली, पाट दिसला, रडणारी आत्या दिसली. सगळं दुसऱ्याच कुणाच्या घरातलं असावं तसं. तिनं स्वतःला गुडघ्यावर बसताना पाहिलं, लुगड्याचा खरखरीत काठ ओठांना जाणवला, ओठ हललेलेही जाणवले. पुन्हा पाहिलं. पुन्हा. दिसत होतं, आठवत नव्हतं. आणि शब्द तर पट्टीला कधी येतच नसत.

ती बाहेर आली. काहीतरी गोड बनवून सांगणं अवघड नव्हतं. नीटस बनवून सांगण्यात तर आता तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं तोंड उघडलं, पण आत्या तिच्या चेहऱ्याकडं बघत होती, टक लावून, पावट्याची शेंग हातात तशीच धरून.

"मला आठवत नाही, आत्या," अन्विता म्हणाली. "निजपट चांगला दिसावा म्हणून मी तेवढं काढून टाकलं. रोज थोडं थोडं. मला वाटलं, नुसती मांडणी करतेय. ते जाईल असं मला... नाही, सरांनी सांगितलं होतं. मला माहीत होतं."

आत्यानं हातातली शेंग सोलली. दाणे ताटलीत टाकले.

"म्हणजे मला ऐकू आलं नाही आणि तुला आठवत नाही," ती म्हणाली. "मग ते आता कुठंच नाही."

अन्विताला हुंदका आवरला नाही. "मी नाही जात. मी मोघेबाईंना कळवते, सगळं खरं सांगते. तो निजपटच खोटा आहे. मला नको ती नोकरी."

आत्या खाली बघत होती, तिनं यातलं काही वाचलं नाही. अन्वितानं पुढं होऊन तिचा गुडघा हलवला आणि तेच पुन्हा सांगितलं.

"वेडी आहेस का?" आत्या कडाडली. बसस्थानकावरचाच आवाज तो. "नोकरी सोडलीस म्हणून ते परत येणार आहे का? ती थोपटी तूच केलीस ना? माझ्या पाठीवर आहे ना ही आत्ता? मग ती खोटी कशी? मोघेबाईंना खरं सांगायचं तर तिथं जाऊन सांग, तोंडावर. ठेवलं तर ठेवलं, काढलं तर घर आहे तुझं. पण इथं माझ्या पदराआड बसून रडायचं नाही." बोलता बोलता तिचे स्वतःचे डोळे भरून आले, तिनं ते मनगटानं पुसले. "मला वाईट वाटलंय. खूप वाटलंय. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही, आणि लगेच जाणारही नाही ते. पण एक कर. यापुढं मला काय सांगायचं ते समोर येऊन सांग. पाठीमागून नको. मीही पुढच्यासाठी काही राखून ठेवणार नाही."

अन्वितानं पावट्यांची ताटली बाजूला सरकवली आणि आत्याच्या पुढ्यात मांडी घातली. दुपारचं ऊन तिच्या तोंडावर आलं होतं, ते बरंच झालं, ओठ नीट दिसत होते. नाक लाल झालं होतं, केस विस्कटले होते. तिनं काही जुळवलं नाही, काही आवरलं नाही.

"आत्या," ती म्हणाली, "मला तिथं तुझ्याशिवाय करमणार नाही गं."

वैजूआत्याला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. ते तिच्या सगळ्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तिनं अन्विताची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं.

"पुन्हा बोल," ती म्हणाली.

अन्विता पुन्हा बोलली.

"पुन्हा."